बोटभर ढील

सिग्नल हिरवा झाला, त्यानं पेडलवर पाय ठेवला आणि नेहमीप्रमाणे काहीच झालं नाही. म्हणून त्यानं आणखी जरा दाबलं, आणि गाडी कुणी झोपेतून हाक मारून उठवल्यासारखी दचकून पुढं गेली. फूटभर गेली असेल, जास्त नाही. पण त्या फूटभरात एक बाई होती. रस्ता ओलांडायला तिला उशीर झाला होता आणि दोन्ही हातांत पिशव्या होत्या. बंपर पिशवीला लागला म्हणावं तर लागला, नाही म्हणावं तर नाही. एवढंच झालं की पिशवीतून बल्बचं एक खोकं रस्त्यावर पडलं. त्यानं ब्रेक दाबेपर्यंत बाईनं वाकून ते उचललंही होतं. तिनं खोकं कानाशी नेऊन हलकेच हलवलं, आतली तार तुटली का ते ऐकलं, तुटली नसावी, आणि मग त्याच्याकडं पाहिलं. तो शिवी खायला तयार होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं, तिथल्या तिथं मिटलं असतं. पण बाईनं त्याच्याकडं म्हाताऱ्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. जाऊ द्या, यांना आता झेपत नाही. त्याचं वय चोपन्न होतं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

ती नजर शेजारच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर घरापर्यंत आली. अशा प्रसंगातला चुकलेला माणूस व्हायची त्याला सवय नव्हती. विमा कंपनीसाठी तो ठोकलेल्या गाड्या तपासायचा, सत्तावीस वर्षं. लोक सांगायचे, साहेब, गाडी आपोआप पुढं गेली हो. तो समजुतीनं मान हलवायचा आणि ती समजूत चेहऱ्यापुरती ठेवून कागदावर वेगळंच लिहायचा. त्याचा आवडता शब्द ‘झीज’. अपघातात मोडलं ते कंपनीनं बघायचं, वापरून झिजलं ते ज्याचं त्यानं. आणि माणसं दोन्ही एकात एक कालवून आणतात असा त्याचा अनुभव. दोन बोटांत पकडून तो कुठलाही सांधा हलवायचा, खटखट आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, “झीज आहे.” गॅरेजांतून त्याला पाठीमागं झीजसाहेब म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. त्याचा राग येतो असं तो बायकोला सांगायचा. राग येत नव्हता. माणसाला आयुष्यात एखादी पदवी तरी मिळायला हवी, आणि वडलांकडून मिळण्याची आशा त्यानं फार पूर्वी सोडली होती. सोडली होती असं निदान त्याचं म्हणणं होतं.

गाडी वडलांची. अठ्ठेचाळीस वर्षांची, लांब नाकाची, एके काळी सायीच्या रंगाची आणि आता जुन्या दातांच्या रंगाची, पोटात एकाऐवजी दोन कार्बोरेटर. ते एका सुरात उघडले तर गाडी पाण्यासारखी चालते आणि एक आधी, एक नंतर उघडला तर तिच्यात भांडण लागतं. वडील बाजारातल्या तराजूंचे तपासनीस होते. गुळगुळीत पितळी वजनांची एक पेटी घेऊन ते दुकानादुकानातून फिरायचे आणि चिमटीभर फरकासाठी लोकांचे तराजू जप्त करायचे. घरातल्या घड्याळाला अर्ध्या मिनिटाची सवलत नव्हती. तो सात वर्षांचा असताना पट्टी न लावता एक सरळ रेघ काढून त्यानं वडलांना दाखवली होती. वडलांनी तिला पट्टी लावून पाहिली, मग म्हणाले, “बरी आहे.” तेरा वर्षांचा असताना त्यानं गजराचं घड्याळ उघडलं, एका स्क्रूचा आटा घालवला, तेव्हा वडील ओरडलेसुद्धा नाहीत. घड्याळ त्याच्या हातातून काढून घेत म्हणाले, “तुला हात नाही.” चोपन्न वर्षांत एक ‘बरी आहे’ आणि एक ‘हात नाही’, एवढाच शेरा. त्याची बायको म्हणायची, “तुमच्या घरात कौतुक डोळ्यांच्या औषधासारखं वापरतात. एक थेंब, आणि मग डोळे मिटून बसायचं.”

असल्या माणसाची गाडी अशी आळशी का, हे त्याला लहानपणापासून कळलं नव्हतं. पेडलचा पहिला बोटभर प्रवास सगळा रिकामा. पाय नुसता खाली जायचा, गाडी ढिम्म. पाहुणे चेष्टा करायचे, काय हो, तराजू तेवढे जप्त करता, गाडीचं काय? वडील म्हणायचे, “तिला विचार करून निघायची सवय आहे.” आणि विषय बदलायचे. वडील विषय बदलताहेत हे फार क्वचित दिसायचं, म्हणून ते लक्षात राहिलं होतं. अलीकडं मात्र विचार करून निघण्याच्या जागी दचकून निघणं आलं होतं. वडील चौऱ्याऐंशीचे झाले होते. डोळ्यांनी साथ सोडल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्यांनी गाडी चालवली नव्हती. बॅटरी मरू नये म्हणून तो आठवड्यातून एकदा बाहेर काढायचा. आणि येत्या रविवारी तेही संपणार होतं. वडलांना आता ताईकडं राहायला जायचं होतं, सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात, तळमजल्याच्या घरात. वडलांचं घर रिकामं होणार, मागची गाडीची शेड पडणार. ताईच्या शहरात जुन्या गाड्यांचा एक हौशी गृहस्थ होता, त्यानं गाडी सांभाळायचं कबूल केलं होतं. तेव्हा रविवारी वडलांना शेजारी बसवून शेवटचं तिथवर न्यायचं, असं ठरलं होतं. सहा तास. सहा तासांत दचकणारी गाडी आणि शेजारी न बोलणारे वडील, हे चित्र त्यानं डोळ्यांपुढं आणलं, आणि मग दुसरं आणलं: गाडी पाण्यासारखी चाललीय, वडील मान जरा कलती करून ऐकताहेत, आणि म्हणताहेत... काय म्हणताहेत ते त्यानं ठरवलं नाही. पण शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन मेस्त्रीकडं गेला आणि म्हणाला, “आज काम मी करणार. तुम्ही नुसते उभे राहा.”

मेस्त्रीला सगळे नळीवाला म्हणायचे. एका कानानं त्याला कमी ऐकू यायचं, आणि तो नेमकी त्याच कानाला रबरी नळी लावून कार्बोरेटरांचा श्वास ऐकायचा. चांगल्या कानात म्हणे जगाची घाण जाऊन बसलीय. त्यानं झीजसाहेबांच्या स्वच्छ बाह्यांकडं पाहिलं. “तुम्ही करणार? मग मी विमा काढून येतो.” तरी त्यानं पान्हे काढून दिले, फडकं दिलं आणि उलट्या डब्यावर बसला. शेडच्या पत्र्यातून येणारं ऊन इंजिनावर तिरपं पडलं होतं. लोखंड, जुनं पेट्रोल आणि तापलेली धूळ यांचा तो वास नाकात गेला आणि त्याला एकदम वडलांची शेड आठवली, बंद दाराची. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. लागोपाठचे काही रविवार वडील आत जाऊन दार लावून घ्यायचे. आतून एक बारीक, चिवट आवाज यायचा, खर्र, खर्र, जसं कुणी दात घासतंय. त्यानं दार वाजवलं तर आतून फक्त “नंतर” असं उत्तर यायचं. आई तेव्हा घरातच असायची, दिवसभर, आणि हे विचित्र होतं, कारण आई कधी घरात नसायची. ती नदीपलीकडच्या शाळेत भूगोल शिकवायची, नकाशांच्या गुंडाळ्या मागच्या सीटवर टाकून स्वतः गाडी चालवत जायची. तिला मोठा ताप आला, आणि ताप गेला तेव्हा उजव्या पायात थरथर ठेवून गेला. पाय घट्ट टेकवला की काही नाही. अधांतरी, हलका धरला की लागला थरथरायला. गाडीला नेमका हलकाच पाय लागतो. ताप गेल्यावर पहिल्यांदा ती गाडीत बसली तेव्हा फाटकापर्यंत जाताना गाडीनं चार गचके खाल्ले, आणि ती उतरून सरळ आत गेली. नकाशे दोन दिवस गाडीतच राहिले. सहा महिने तिनं गाडीचं नाव काढलं नाही. जेवायला बसलं की टेबलाच्या पायाला तिचा पाय लागायचा आणि सगळे चमचे बारीक किणकिणायचे. मग ती गुडघ्यावर हात दाबून धरायची आणि ताईला काहीतरी मोठ्यानं विचारायची. त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी टेबल वाजतं.

“साहेब, इकडं बघा,” नळीवाला म्हणाला. पेडलपासून निघालेली सळई जिथं पोचायची तिथं एक पोलादी पट्टी होती. सळई पट्टीला ढकलते, पट्टी फिरली की दोन्ही कार्बोरेटरांच्या झडपा उघडतात. एवढीच सगळी यंत्रणा, एकानं दुसऱ्याला आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगण्याची. त्यानं प्रत्येक सांधा दोन बोटांत धरून हलवला. खटखट. सांध्यांतले दोन बुश, म्हणजे आतल्या कड्या, पार गेलेले. दुसऱ्या कार्बोरेटरकडं जाणारा गोळीचा सांधा तर दात पडल्यासारखा डुगडुगत होता. गाडी दचकायची ती याच्यामुळं. ते सगळं त्यानं काढलं, नवं बसवलं, आणि आपली बोटं हे करताहेत याचं त्याला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. शेवटी राहिली ती पट्टी. सळईचं टोक जिथं बसतं तिथं गोल भोक असायला हवं. तिथं लांबट खाच झाली होती. सळई त्या खाचेत बोटभर रिकामी सरकायची आणि मग पट्टीला भिडायची. हाच तो रिकामा पहिला प्रवास. त्याचं मूळ असं हातात आलं तेव्हा त्याला चोर सापडल्याचा आनंद झाला.

“झीज,” तो म्हणाला.

नळीवाल्यानं पट्टी उन्हात धरली. “ही झीज नाही वाटत मला.”

“मग काय आहे?”

“झिजलेल्याला चकाकी असते हो, साहेब. ह्याच्यात रेघा आहेत. कुणीतरी कानस मारलीय.”

त्यानंही पाहिलं. खाचेच्या आत बारीक, एकमेकींना समांतर रेघा होत्या. दुसऱ्या कुणाच्या गाडीत दिसल्या असत्या तर त्यानं चष्मा चढवला असता, फोटो काढला असता आणि ज्याच्या त्याच्याकडं संशयानं पाहिलं असतं. मुद्दाम केलेलं ओळखणं हीच त्याची रोजीरोटी. पण ही गाडी वडलांची होती, आणि वडील मुद्दाम काही बिघडवतील हे त्याच्या डोक्यात शिरायला दार नव्हतं. “कुठल्यातरी अडाणी मेस्त्रीनं भोक मोठं केलं असेल,” तो म्हणाला. “भरून टाका.”

“अडाणी माणूस कडा एवढ्या हौसेनं गोल करत नाही,” नळीवाला पट्टीवरून बोट फिरवत म्हणाला. “बघा बुवा. एकदा पितळ भरलं की भरलं. वडलांना विचारायचं का फोन करून?”

“त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय.”

“मग भरतो,” नळीवाला म्हणाला, आणि त्यानं निळा चष्मा डोळ्यांवर ओढला. ज्योत पट्टीला लागली, खाचेचं तोंड लाल झालं, पितळ वितळून त्यात उतरलं आणि काठोकाठ थांबलं. ते थंड झाल्यावर नळीवाल्यानं मधोमध एक अचूक गोल भोक पाडून दिलं. बाकीचं झीजसाहेबांनी स्वतः केलं. इंजिन चालू करून रबरी नळी कानाला लावली. पहिला कार्बोरेटर: सूं. दुसरा: स्सू, जरा उतरलेला, सर्दी झाल्यासारखा. स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. नळीवाला डब्यावर बसून काही बोलत नव्हता, हे त्याला कौतुकासारखं वाटत होतं. दोन तास असे गेले असतील, आणि मग कधीतरी नळी इकडून तिकडं नेताना आवाज बदललाच नाही. एकच श्वास. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते धुराच्या नावावर खपवलं.

घरी जाताना पेडलला त्यानं नुसता अंगठा लावला आणि गाडी निघाली. ढील नाही, दचकणं नाही. पायाच्या मनात आलं की चाकाला कळत होतं. हीच ती गाडी, त्याच्या मनात आलं, हिच्यातून आई आपल्याला शाळेत सोडायची. कारण सहा महिन्यांनंतर एका सकाळी आई पुन्हा गाडीत बसली होती. वडील म्हणाले होते, “तेल टाकलंय, बघ जरा कशी चालते.” असं ते आधीही एक-दोनदा म्हणाले होते आणि ती फाटकापर्यंत जाऊन मान हलवत परत आली होती. त्या दिवशी ती फाटकाबाहेर गेली. वळणापर्यंत गेली, दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं आली. गाडी एकदाही गचकली नाही. खाली उतरून तिनं आपल्या पायाकडं पाहिलं, जसं रुसून गेलेलं माणूस परत आलं की पाहतात. “गेली की हो थरथर!” पुढं एकोणीस वर्षं तिनं ती गाडी चालवली. येईल त्याला सांगायची, “डॉक्टरांनी काही केलं नाही, गाडीनं माझा पाय बरा केला.” तेव्हा वडील समोर वर्तमानपत्र धरून बसलेले असायचे. जेवताना चमचे किणकिणतच होते. पण आई म्हणते पाय बरा झाला म्हणजे झाला. मुलं आईची तपासणी करत नाहीत, तो सर्व्हेअर पुढं झाला.

रविवारी सकाळी वडलांच्या घरात पावलांना आवाज येत होता. सामान गेलं होतं. भिंतीवर चौकोन होते, जिथं काही टांगलेलं होतं तिथले. दोन बॅगा, एक काठी आणि पितळी वजनांची पेटी, एवढं घेऊन वडील शेडच्या दारात खुर्चीवर बसले होते. त्यानं गाडीचं पुढचं झाकण उघडून ठेवलं होतं, इंजिन चालू होतं. त्यानं काही सांगायच्या आतच वडलांची मान कलती झाली, अगदी त्याच्या मनात होती तशी.

“दोन्ही एका सुरात आहेत,” वडील म्हणाले.

“आहेत ना?” त्याचा आवाज त्याला स्वतःलाच सात वर्षांचा वाटला.

“कुणी केले?”

“मी.”

वडलांनी दुधाळ डोळ्यांनी त्याच्या दिशेनं पाहिलं आणि काठी टेकत उठले. “मला बसू दे जरा तिथं.” त्यानं हात धरून त्यांना चालवायच्या सीटवर बसवलं. वडलांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, दहा वाजून दहा मिनिटांसारखे, पायानं पेडल चाचपलं, आणि पाय ठेवला. इंजिन लगेच उंच बोललं. वडलांनी पाय चटका बसल्यासारखा काढला. थांबले. पुन्हा ठेवला, या वेळी फार सावकाश, अंधारात पायरी शोधावी तसा. इंजिन पुन्हा लगेच बोललं.

“इथली ढील कुठं गेली?”

“काढली, बाबा. सगळं झिजलं होतं. बुश, सांधे, ती पट्टी.”

“बाकीचं झिजलं असेल. पट्टी नव्हती झिजली.” वडलांचा पाय पेडलच्या वर अधांतरी होता. “ती खाच मी कापली होती.”

इंजिन एका सुरात चाललं होतं. त्यानं हात घालून ते बंद केलं, आणि शांतता इतकी एकदम आली की तो बंद दारामागचा आवाज त्याला ऐकू आला, खर्र, खर्र, आणि पाठोपाठ चमचे. दोन्ही आवाज चव्वेचाळीस वर्षं त्याच्याजवळच होते. फक्त वेगवेगळ्या खोल्यांत.

“तिचा पाय त्या जागेत थरथरायचा,” वडील म्हणाले. “हवा तेवढा. गाडीला कळायचं नाही. मग पाय घट्ट बसला की गाडी निघायची.”

“आईला माहीत होतं?”

“छे. तिला सांगून काय करू? पाय बरा झाला म्हणून नाचत होती.”

“आम्हाला तरी सांगायचंत.”

“तुम्ही तिला सांगितलं असतंत. तू तर पहिल्यांदा.” वडील किंचित हसले आणि ते हसू तिथंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. “ती गेल्यावर भरून टाकणार होतो. रीतसर तेच होतं. पण तुम्ही घर आवरलंत. पंधरा दिवसांत कपाट, तिचे नकाशे, चपला. बरोबरच होतं, ठेवून काय करायचं? मग मी इथं येऊन बसायचो जरा. डोळे गेल्यावरसुद्धा. गाडी चालवायला नाही. पाय ठेवायचा तिथं, आणि बसायचं.”

तो झाकणाची कड धरून उभा होता. पंधरा दिवसांत कपाट त्यानंच रिकामं केलं होतं, कारण ताईला ते बघवत नव्हतं आणि त्याला सगळं नीट, वेळेत झालेलं आवडायचं. सत्तावीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की झीज कुठली आणि घाव कुठला हे आपल्याला बघताक्षणी कळतं. “मी परत करतो,” तो म्हणाला. “किती होती ती? सांगा. मिलिमीटरमध्ये सांगा.”

वडलांनी अधांतरी पाय खाली टेकवला. गुंजभर फरक पकडणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्यानं पहिल्यांदाच ओशाळेपण पाहिलं. “मोजली नव्हती,” ते म्हणाले. “तिच्या पायावर कापली.”

कानस शेडच्या फळीवरच होती, वडलांची, लाकडी मुठीची. त्यानं पट्टी काढली, शिकंज्यात धरली आणि कालच्या अचूक गोल भोकाला कानस लावली. पितळ पिवळं पिवळं झडू लागलं. हाच आवाज, पण आता तो दाराच्या आत होता. दहा मिनिटांनी पट्टी बसवली. “दाबा, बाबा.” वडलांनी दाबलं. सळई थोडी रिकामी सरकली आणि भिडली. “अजून,” वडील म्हणाले. पुन्हा पट्टी काढली. मोबाईल वाजला, ताई होती. “निघालात का? इथं जेवण खोळंबलंय.” “गाडीचं थोडं काम निघालंय,” तो म्हणाला. “आज? तुझा तर म्हणे काल मोठा पराक्रम झाला होता!” त्यानं फोन खिशात टाकला. “दाबा.” “अजून जरा.” तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. त्याच्या बोटाचं साल गेलं, पितळात रक्ताचा ठिपका मिसळला. ऊन शेडच्या उंबऱ्यातून आत आलं आणि वडलांच्या गुडघ्यांवर चढलं. वडील दर वेळी डोळे मिटून पाय ठेवायचे आणि काहीतरी ऐकायचे, इंजिन बंद असूनही. मग मान हलवायचे. पाचव्यांदा त्यांनी “आता जरा जास्त झाली” असं म्हटलं, आणि तो तसाच उभा राहिला, कारण कापलेलं परत घालता येत नाही. मग त्यानं पत्र्याची एक चकती वाकवून खाचेच्या टोकाला बसवली. पुन्हा सळई अडकवली, मान खाली घालून इंजिनातूनच म्हणाला, “बघा आता.”

“हं,” वडील म्हणाले. “हीच.”

त्याची नजर सळईवर होती. सळई हलली नव्हती. केसभरही नाही. वडलांनी पाय ठेवलाच नव्हता.

तो तसाच वाकून राहिला. झाकणाच्या पलीकडून वडलांचा आवाज आला, स्वच्छ, बाजारात निकाल सांगायचे तसा. “छान जमलंय. हात आहे तुला.”

ते शब्द आले. चोपन्न वर्षं त्यांच्यासाठी त्यानं जी जागा मोकळी ठेवली होती तिथं ते आले, आणि त्यांच्यात वजन नव्हतं, आणि वजन नसलेली गोष्ट ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पारड्यात टाकली होती. नाही, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वर्तमानपत्राआडून आईच्या पारड्यात टाकली होती. त्यानं फडक्यानं हात पुसले, फार वेळ पुसले.

“खरंच हीच?”

“मी सांगतोय ना.”

“बरं झालं मग,” तो म्हणाला, आणि झाकण खाली घेतलं.

त्यानं वडलांना पलीकडं बसवलं, पेटी त्यांच्या मांडीवर दिली, बॅगा मागं टाकल्या, शेडचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणावर वडलांनी मागं पाहिलं नाही. पाहून दिसणारही नव्हतं. परवाच्या चौकात सिग्नल लाल होता. लोक रस्ता ओलांडत होते, पिशव्या, छत्र्या, मुलं. बल्बवाली बाई त्यांच्यात नव्हती. वडील समोर बघत बसले होते, दोन्ही हात पेटीवर ठेवून. सिग्नल हिरवा होईल म्हणून त्यानं पेडलवर पाय टेकवला, हलका, आणि तेव्हा त्याला कळलं की आपला पाय थरथरतोय. गुडघ्यापासून खाली, बारीक, न थांबता. त्यानं तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. पाय त्या बोटभर जागेत थरथरत राहिला, आईच्या वेळी होती अगदी तेवढीच नसलेल्या जागेत, आणि गाडी शांत उभी होती. तिला काही कळलं नाही.